पाटल्यांचे तोडे, तुकड्यांच्या कुड्या

घरातल्या जुन्या दागिन्यांच्या डब्यात होतं ते असं: दोन ठोस पाटल्या, लाख भरलेली एक लांब बोरमाळ, मोत्यांच्या कुड्यांची जोडी, अकरा सुट्या पुतळ्या (माळेत ओवायच्या सोन्याच्या चकत्या) आणि एका पुरचुंडीत तुटकी साखळी, तीन अंगठ्या, एकुलतं एक कानातलं फूल, दोन-चार कड्या. घालण्याजोगं यातलं काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्यातून नवे दागिने घडवून घ्यायचं ठरवलं. सगळं एकदम वितळवून एक मोठा दागिना करावा, असं पहिल्यांदा कुणालाही वाटतं. तसं केलं नाही म्हणूनच या कामात सोनं वाचलं. जुना दागिना म्हणजे सोन्याचा एकजीव गोळा नसतो. त्यात लाख असते, रेशीम असतं, खडे, स्प्रिंगा, झाळ (सांधे जोडायचा मिश्रधातू) आणि वेगवेगळ्या कसाचे भाग असतात. ते आधी वेगळे काढायचे, प्रत्येकाचा हिशेब वेगळा धरायचा, आणि मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, फक्त जायलाच हवं तेवढं घालायचं.

पाटल्यांबरोबर एक जीर्ण चिठ्ठी होती: ‘३ तोळे ४ मासे’. इथे बरेच जण फसतात. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, पण जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. त्याचे १२ मासे, एका माशाच्या ८ गुंजा. म्हणजे मासा ०.९७२ ग्रॅमचा. या हिशेबाने ३ तोळे ४ मासे होतात ३८.८८० ग्रॅम. काट्यावर पाटल्या भरल्या ३८.४६०. मधले ०.४२० ग्रॅम ही इतक्या वर्षांची झीज. चिठ्ठी आणि काटा इतके जुळले, म्हणजे पाटल्या त्याच, आणि मध्ये कुणी त्यांत भर-काट केलेली नाही, एवढं कळलं. घरात अशी चिठ्ठी असेल तर ती दागिन्याइतकीच जपा.

घरीच प्रत्येक नगाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला आणि वहीत एकेका नगाला एकेक ओळ दिली. वजन मात्र मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच करावं, काचेची झाकणं लावून आणि पंखा बंद ठेवून. उघड्या पारड्यावर वाऱ्याने आकडा सहज हलतो. वजनमापं विभागाचा चालू सालाचा शिक्का काट्यावर आहे का, हे विचारण्यात कसलाच कमीपणा नाही.

सोलापुरात ही सगळी कामं मधल्या मारुतीच्या परिसरात, सराफ कट्ट्यावर आणि त्याच्या बोळांत होतात. पुढे पेढ्या, मागे आणि माडीवर कारागिरांच्या खोल्या. टंच काढणारे, सोनं गाळून शुद्ध करणारे गलाईवाले, पॉलिशवाले, दागिने रेशमात ओवणारे पटवेकरी, सगळे हाकेच्या अंतरावर. दागिना फार लांब न जाता, आपल्या डोळ्यांदेखत एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकतो, ही इथली मोठी सोय. वेळ मात्र बघून जावं. गुरुपुष्यामृत, धनत्रयोदशी, लग्नसराई, संक्रांतीच्या गड्ड्याचे दिवस, या काळात कारागिराला मान वर करायलाही सवड नसते. आम्ही पितृपंधरवड्यात काम दिलं. त्या दिवसांत नवी खरेदी थंड असते, म्हणून कारागीर निवांत असतो आणि मूस पेटवताना शेजारी बसू देतो.

पहिलं काम टंच काढण्याचं. टंच म्हणजे शंभर भागांत शुद्ध सोनं किती. २२ कॅरेट म्हणजे ९१.६, २० कॅरेट म्हणजे ८३.३, १८ कॅरेट म्हणजे ७५. पूर्वी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तिच्यावर तेजाब टाकत, आणि रेघ किती टिकते त्यावरून कस सांगत. आता क्ष-किरणांचं यंत्र मिनिटभरात छापील चिठ्ठी देतं. पण हे यंत्र सोन्याची फक्त वरची पातळ कातडी वाचतं, हे पक्कं लक्षात ठेवा. आमच्या एकाच पाटलीवर तीन आकडे आले: बाहेरच्या नक्षीवर ९१.२, आतल्या बाजूला ९०.४, सांध्याजवळ ८६.९.

तिन्ही आकडे आपापल्या जागी खरेच होते. दागिन्याला उजळा देताना तो आम्लात उकळतात. त्यात वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि सोनं मागे राहतं, म्हणून बाहेरचा आकडा चढा येतो. सांध्यावर झाळ असते. झाळ अंगच्या सोन्याआधी वितळायला हवी, म्हणून जुन्या कामात ती मुद्दाम हलक्या कसाची करत. साखळीत तर दर कडीला एक सांधा असतो. त्यामुळे २२ कॅरेट म्हणून घेतलेली जुनी साखळी वितळल्यावर हमखास खाली उतरते. सबंध दागिन्याचा खरा टंच वितळवून, नीट ढवळून, साच्यात ओतून केलेल्या कांडीवर, म्हणजे लगडीवरच कळतो.

दोन पेढ्यांत अदलाबदलीची चौकशीही केली. मोडीत घालायचं तर एका ठिकाणी पाटल्यांचा सांध्यावरचा आकडा धरत होते, दुसऱ्या ठिकाणी टंच न काढताच सरसकट घट सांगितली. बोरमाळ दोघांनीही लाखेचं वजन अंदाजाने वजा करून मागितली. अदलाबदल वाईट असते असं माझं म्हणणं नाही. त्याच पेढीचा, त्याच पेढीच्या पावतीचा, हॉलमार्क असलेला दागिना असेल तर तो मार्ग सोपा आहे. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं सोनं असेल तर ‘घट किती धरता?’ हा प्रश्न निरुपयोगी. ‘शुद्ध सोनं किती ग्रॅम धरता?’ असं विचारा. पहिल्याचं उत्तर कसंही देता येतं, दुसऱ्याचं उत्तर एक आकडा असतो.

कराचा फरकही समजून घ्यावा. अदलाबदलीत नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर ३ टक्के जीएसटी लागतो, जुन्याचे पैसे वजा केल्यावर उरणाऱ्या फरकावर नव्हे. एक लाखाचा नवा दागिना घेऊन ऐंशी हजारांचं जुनं दिलं, तरी कर ३ हजारच. आपलंच सोनं देऊन घडवून घेतलं तर फक्त मजुरीवर ५ टक्के, तेही कारागीर किंवा पेढी नोंदणीकृत असेल तर. शिवाय आयकराच्या दृष्टीने अदलाबदल हे हस्तांतरणच. जुन्या सोन्यावर भांडवली नफा निघतो, आणि वारशाने आलेलं, २००१ सालच्या एप्रिलआधीचं सोनं असेल तर खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. रक्कम मोठी असेल तर आधी सीएला विचारा.

आता बोरमाळ. कारागिराने ती हातात घेतली आणि म्हणाला, ‘ताई, हिला ज्योत दाखवू नका. लाखेच्या मण्याला आच लागली की मणी गेला.’ बोरमाळेचा मणी पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून करतात आणि तो चेपू नये म्हणून आत लाख भरतात. आच लागली की लाख उकळते, फुगते, भोकातून बाहेर येते नाहीतर मणी फाडते. म्हणून अशा मण्याला झाळकाम करता येत नाही. उकळत्या पाण्यात घालून धुणंही वाईटच.

माळेत ७६ मणी, एकूण वजन ३१.२४० ग्रॅम. एक मणी आधीच चिरलेला होता, तोच तपासायला घेतला. लाखेसकट ०.३९० ग्रॅम, लाख जाळून काढल्यावर ०.२३५. म्हणजे वजनातला जवळजवळ चाळीस टक्के भाग लाख. सगळे मणी वितळवले असते तर मण्यांच्या २९.६४० ग्रॅम वजनातून सोनं निघालं असतं पावणेअठरा ग्रॅमच्या आसपास, आणि हाताने घडवलेले ७५ धड मणी कायमचे गेले असते. तशी माळ नव्याने करायची तर सोनं तेवढंच, वर घडणावळ. ज्या दागिन्यात कष्ट जास्त आणि सोनं कमी, तो वितळवू नये: बोरमाळ, जोंधळी मण्यांची पोत, मोहनमाळ, पुतळ्या. पाटल्या, गोठ, साध्या बांगड्या, वळं हे उलट प्रकारचे. त्यांत सोनं जास्त आणि कलाकुसर कमी, ते मुशीत घालायला हरकत नाही. मंगळसूत्राच्या वाट्या, तेलुगू घरांतले पुस्ते, कानडी घरांतली ताळी हे बहुतेक कुटुंबं वितळवत नाहीत, जुनेच नव्या सरात ओवतात. हिशेबानेही तेच बरोबर आहे, कारण वाट्यांच्या पोटातही बऱ्याचदा लाख भरलेली असते.

मग खडे आणि मोती. कुड्यांतले मोती आधी सोडवले. मोती आचेने आणि आम्लाने दोन्हीने मरतो. एकदा पांढराफटक झाला की परत येत नाही. ओढून काढायचा नाही, मागची तार कापायची आणि मोती पुढून अलगद सरकवायचा. काढलेले मोती मोजून, सुती कपड्यात गुंडाळून ठेवले. हवाबंद प्लास्टिकमध्ये ते कोरडे पडतात. जुन्या कुड्यांतले मोती नैसर्गिक असण्याची शक्यता असते, त्यामुळे ते सोन्याच्या मोडीबरोबर फुकट सोडू नयेत.

अंगठ्यांत दोन लाल खडे होते. घरात त्यांना माणिक म्हणत. कृत्रिम माणिक बनवण्याची रीत १९०२ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून असे खडे सर्रास वापरात आहेत. दागिना जुना म्हणून खडा खाणीतला, असं समजू नये. जुन्या बंद कोंदणात खड्याखाली चमकीचा पातळ पत्रा घालत. पाणी शिरलं की तो काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. खडा टाकून द्यायच्या आधी तो मोकळा करून उजेडात बघावा. पाचूला तर आच अजिबात सोसत नाही.

कुड्यांची तार आणि पेचही आम्ही पुरचुंडीतल्या तुकड्यांतच धरले. सगळे मिळून १७.८०० ग्रॅम. त्यातून खडे निघाले ०.६१०, फाशांतल्या (साखळीची टोकं अडकवायच्या कड्यांतल्या) पोलादी स्प्रिंगा ०.१२०, लाख-दोरा-मळ ०.१५०. राहिले १६.९२०. स्प्रिंग काढायला विसरलं तर लोखंड मुशीत जातं. त्याहून घातक म्हणजे शिसं आणि कथील. एखाद्याने घाईत, इमिटेशनच्या दुकानात वगैरे, सांध्याला पांढरी झाळ लावून घेतलेली असते. शिशाचा अगदी थोडा अंशही सोन्याला ठिसूळ करतो; लगड रोलरमध्ये घातली की कडांना तडे जातात, तार ओढताना मध्येच तुटते. आमच्या साखळीच्या फाशाजवळ असा करडा ठिपका होता. तेवढी कडी कापून तुकड्यांतच ठेवली, पण याच कारणासाठी तुकडे पाटल्यांच्या सोन्यात मिसळू दिले नाहीत. चांगलं सोनं आणि शंकेचं सोनं एका मुशीत घालायचं नाही, हा नियम मी कुणालाही सांगेन.

वितळवताना समोर बसावं. आधी मूस रिकामी बघावी. तिच्या तळाशी आणि कडांना आधीच्या कामाचे कण नसावेत. मग सोनं, वर सवागी, म्हणजे टाकणखार. सवागी वितळून काचेसारखा थर धरते, मळ ओढून घेते आणि सोन्याला हवा लागू देत नाही. शुद्ध सोनं १०६४ अंशांवर वितळतं, तांबं-चांदी मिसळलेलं त्याच्या आधी. पूर्ण पातळ झाल्यावर ढवळून, तेल लावलेल्या गरम लोखंडी साच्यात एका धारेत ओतायचं. साचा थंड किंवा ओलसर असेल तर सोनं उडतं आणि लगडीत पोकळ्या राहतात. मुशीला चिकटलेले सोन्याचे कण खरवडून घ्यायला सांगावं. कारागीरही त्यात वाईट वाटून घेत नाही. सराफ बाजारातली धूळ धुऊन झारेकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार चालवले आहेत, यावरून कण किती मोलाचे ते समजावं.

पाटल्यांची लगड भरली ३८.३१०. तूट ०.१५० ग्रॅम, शेकडा ०.४ च्या आत. टंच दोन्ही टोकांना बघितला, ९०.३. दोन्ही टोकांचे आकडे वेगळे आले तर ढवळणं कमी पडलं आहे, पुन्हा वितळवायला सांगावं. तुकड्यांची लगड आली १६.६४०, म्हणजे तूट ०.२८०, शेकड्याला दीडहून जास्त. तुकडे बारीक, सांधे पुष्कळ, मळ जास्त. शिवाय पूर्वीच्या झाळेत जस्त किंवा कॅडमियम असतं, ते आचेत धूर होऊन उडतं. हा धूर विषारी असतो, समोर बसणाऱ्याने वारा धूर नेतो त्या बाजूला बसू नये. तुकड्यांचा टंच निघाला ८३.५.

इथे बसून हिशेब करायला अर्धा तास दिला. हाच अर्धा तास सगळ्यांत मोलाचा.

नवे दागिने ९१६ चे, म्हणजे ९१.६ टंचाचे हवे होते, कारण हॉलमार्क त्या खाली उतरलेल्या सोन्याला २२ कॅरेटचा मिळत नाही, आणि त्यात कमीची सूट नसते. पाटल्यांचं सोनं ९०.३. फरक फक्त १.३ चा. पण तो भरून काढायला शुद्ध सोनं किती लागेल? लगडीचं वजन गुणिले हवा असलेला फरक, भागिले शुद्ध सोनं आणि ९१.६ यांतलं अंतर. शुद्ध सोनं ९९.९ धरलं तर अंतर ८.३. म्हणजे ३८.३१० × १.३ ÷ ८.३, बरोब्बर ६ ग्रॅम. एवढ्याशा फरकाला सहा ग्रॅम! तुकड्यांचं हेच गणित केलं तर १६.६४० × ८.१ ÷ ८.३, म्हणजे १६.२४० ग्रॅम. जेवढं सोनं आहे तेवढंच पुन्हा विकत घालावं लागलं असतं. टंच जितका खाली, तितकं भर घालून वर आणणं महाग. ८३-८४ च्या खाली असलेलं सोनं भर घालून सुधारायचा विचारच करू नये; ते गाळून शुद्ध करावं, नाहीतर १८ कॅरेटमध्ये खड्यांचा दागिना करावा. खडे धरायला १८ कॅरेट उलट जास्त कणखर असतं.

म्हणून ठरलं: तुकडे गलाईला द्यायचे, त्यातून निघणाऱ्या शुद्ध सोन्यातले सहा ग्रॅम पाटल्यांना लावायचे, उरलेल्यात तांबं-चांदी मिसळून कुड्या आणि माळेचा फासा करायचा. बाहेरून एक गुंजही सोनं घ्यायचं नाही.

गलाई हे आपल्या भागाचं खास काम. विटा-खानापूर, आटपाडी, सांगोला या पट्ट्यातली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत हेच करतात. रीत ऐकायला उलटी वाटते: सोनं शुद्ध करायला आधी त्यात चांदी घालायची. तुकड्यांत शुद्ध सोनं होतं १३.८९४ ग्रॅम. ते एकूण वजनाच्या चौथाई व्हावं म्हणून सुमारे ३९ ग्रॅम चांदी मिसळली. मिश्रण वितळवून पाण्यात बारीक धारेने ओतलं की त्याचे पोकळ दाणे होतात. हे दाणे नायट्रिक आम्लात घालून तापवतात. चांदी, तांबं, शिसं, सगळं विरघळतं. सोनं तेवढं तपकिरी गाळ होऊन तळाशी राहतं. चांदी कमी पडली तर आम्ल दाण्याच्या आत पोचत नाही आणि सोनं कच्चं राहतं, म्हणून चौथाई. तांबूस धूर निघतो तो घातक असतो. हे काम धुराड्याखालीच व्हायला हवं, घरी प्रयोग करण्याचं नाही. गाळ गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, वाळवून, सवागी घालून वितळवला. बाहेर आलं १३.८२० ग्रॅम, टंच ९९.९. विरघळलेली चांदी मीठ घालून परत मिळवतात. ती कुणाची, हे आधीच बोलून घ्यावं.

सहा ग्रॅम पाटल्यांच्या लगडीत गेले, एकूण ४४.३१० ग्रॅम झालं. पुन्हा वितळवून टंच घेतला, ९१.६. उरलेल्या ७.८२० ग्रॅममध्ये ०.७०९ ग्रॅम तांबं-चांदी घालून ८.५२९ ग्रॅम ९१६ चं सोनं झालं. भरीत तांबं जास्त असेल तर सोनं लालसर दिसतं, चांदी जास्त असेल तर फिकट, किंचित हिरवट. सोलापुरात पुष्कळांना लालसर झाक आवडते. आपल्याला कुठली हवी, ते भर घालण्याआधी सांगा. नंतर सांगून काही होत नाही.

कारागिराला सोनं देताना दोन प्रती केलेली चिठ्ठी घेतली. तिच्यावर लगडींची वजनं आणि टंच, काय करायचं त्याचं रेखाटन, माप, ग्रॅममागे मजुरी रुपयांत, घडणीतली घट शेकडा दीडपर्यंत, उरलेले तुकडे आणि कीस परत, झाळ ९१६ चीच, आणि तारीख. मजुरी शेकडेवारीत ठरवू नये. भाव चढला म्हणून कारागिराचे कष्ट वाढत नाहीत, मजुरी मात्र आपोआप वाढते. उलट बारीक, वेळखाऊ नगाला ग्रॅममागे मजुरी देऊन कारागिराचं नुकसान होतं; कुड्यांचे पैसे आम्ही नगावर ठरवले.

माप चुकलं तर तोडे पुन्हा मुशीत. बांगडीचं २-४ म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, ५७.२ मिलिमीटर आतला व्यास. २-६ म्हणजे ६०.३, २-८ म्हणजे ६३.५. हे दशांश नव्हेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. न उघडणाऱ्या ठोस नगाला मुठीतून जाईल असं माप लागतं; पेच किंवा बिजागरी असेल तर मनगटाचं माप चालतं आणि तेवढ्याच सोन्यात नग जाड होतो. आम्ही पेचाचे तोडे निवडले. रोजच्या वापरात पेचाचे आटे झिजतात, म्हणून पेच जरा जाड ठेवायला सांगितला.

पुढचं काम कारागिराचं: लगड ठोकून रोलरमध्ये पट्टी, जंतरातून (भोकांच्या पोलादी पट्टीतून) ओढून तार, मध्ये मध्ये तापवून नरम करणं, ठशाने नक्षी, सांधे, आम्लाचा उजळा, शेवटी पॉलिश. न तापवता सलग दाबत गेलं की चांगलं सोनंही कडांना फाटतं.

हॉलमार्क सुट्या ग्राहकाला किंवा नोंदणी नसलेल्या कारागिराला स्वतः जाऊन लावून घेता येत नाही. बीआयएसकडे (भारतीय मानक ब्युरोकडे) नोंदलेल्या सराफामार्फतच नग हॉलमार्क केंद्रात जातो. ग्राहकाला केंद्रातून तपासणी करून घेता येते: चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगामागे ४५, कर वेगळा. हॉलमार्कचा दरही नगामागे ४५ रुपयेच, एका खेपेला किमान २००. दोन तोड्यांपैकी एक पहिल्या खेपेला परत आला. अंगचं सोनं बरोबर होतं, सांध्यावरची झाळ कमी कसाची निघाली. चिठ्ठीवर ‘झाळ ९१६ चीच’ लिहिलेलं असल्यामुळे वाद झाला नाही, सांधा कापून पुन्हा केला. आता नगावर तीन खुणा आहेत: बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपमध्ये घालून नगाचा प्रकार आणि टंच जुळतो का, हे दुकानातच बघून घ्यावं.

दसऱ्याच्या आधी सगळं हातात आलं. तोडे ४३.१८० ग्रॅम, त्यांतून उरलेले तुकडे आणि कीस ०.६९०, घट ०.४४०, म्हणजे शेकडा एकच्या आत. कुड्यांची जोडी मोत्यांशिवाय ६.३४०, माळेचा फासा आणि कड्या १.९८०, उरलं ०.१२०. शुद्ध सोन्यात मांडलं तर दोन लगडींत मिळून ४८.४८८ ग्रॅम गेलं, दागिने आणि कीस धरून ४७.९१६ परत आलं. गेलेलं ०.५७२, गलाई आणि घडण दोन्हींची घट मिळून शेकडा १.२. कीस घेताना पुडीत लोखंडाचा कीस नाही ना, हे लोहचुंबक फिरवून बघावं.

मोती नव्या कुड्यांत सगळ्यांत शेवटी, पॉलिश आणि हॉलमार्क झाल्यावर बसवले. त्या आधी बसवलेले मोती पॉलिशच्या चाकाखाली चरा पडून खराब होतात.

बोरमाळ पटवेकऱ्याकडे. ७५ मणी दोन पदरांत वाटले, वर ३५ आणि खाली ४०. मणी साधारण ८ मिलिमीटरचा, म्हणजे वरचा पदर २८ सेंटिमीटर आणि खालचा ३२. मागचा भाग रेशमी गोफाचा, त्याला नवा फासा. अकरा पुतळ्या खालच्या पदरात मध्यभागी, दर दोन मण्यांनंतर एक. पुतळ्यांचा टंच डब्यात सगळ्यांत चांगला निघाला होता, ९५ च्या वर. सोनं इतकं नरम असलं की कडी घासून लवकर कापली जाते, म्हणून प्रत्येक पुतळीच्या शेजारी रेशमाची बारीक गाठ मारून घेतली. पुतळ्या मग एकमेकींवर घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तरी तिथले सगळे मणी ओघळत नाहीत. मण्यांच्या भोकांच्या कडा धारदार असतात, दोरा तिथूनच विरतो. रोज घालायची नसली तरी वर्षातून एकदा फाशाजवळचं रेशीम नखाने ओढून बघावं. पीळ सैल झालेला दिसला की माळ गळ्यात न घालता सरळ पटवेकऱ्याकडे न्यावी.